आंबेकोंडची पालखी आणि श्रुतिकेचं पान

महाडच्या बाजारपेठेत माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या वर एक खोली आहे. तिथे खिडकीकडे पाठ करून बसलेली मुलगी म्हणजे श्रुतिका उतेकर. तिच्याकडे कुणीही गेलं तरी ती आधी हातातलं काम पुरं करते आणि मगच मान वळवते. मग आलेला माणूस तालेवार गिऱ्हाईक असो की तिचा सख्खा मामा. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, मुलगी शिष्ट आहे. आहेच. मी तिला कधी सुधारायला गेलो नाही, कारण त्या शिष्टपणाला शोभेल एवढं काम तिच्या हातात आहे. शिवाय माझ्या घरी विनीता, म्हणजे आमच्या सौ., म्हणतात की गुरूचाच गुण लागला असेल.

मी श्रीधर. महाडला मला सगळे सर म्हणतात, कारण आधी टायपिंगचा आणि पुढे कॉम्प्युटरचा क्लास मी गावात पहिल्यांदा काढला. त्या काळात अर्ध्या गावाला कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीचा भाऊ वाटायचा. श्रुतिका बारावी होऊन आली ती पोलादपूर तालुक्यातल्या आंबेकोंडहून. कापडे गावाच्या वर चढत गेलं की लागणारं ते शेवटचं गाव. वडील भागोजी भात आणि नाचणी करतात, चार जनावरं आहेत. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "म्हाडला मशीनवर हाय." मशीन पिठाचं की शिलाईचं, ते ऐकणाऱ्यानं आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवायचं.

ती आली टायपिंग शिकायला, पण बोटांपेक्षा तिचे प्रश्न जास्त चालायचे. इंटरनेटचं पान उघडतं म्हणजे ते येतं कुठून? मी सांगितलं, सर्व्हरवरून. सर्व्हर कुठे असतो? म्हटलं, बहुधा अमेरिकेत. मग अमेरिकेहून निघालेलं पान पोलादपूरच्या टेलिफोनच्या तारेतून येताना कुठे अडतं? ह्याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि बाकीची पोरं खोळंबली होती, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी ती तोच प्रश्न घेऊन हजर.

दोन हजार पाचच्या पुरात क्लासच्या पत्र्यापर्यंत पाणी चढलं. ओसरल्यावर आत गेलो तर सगळी यंत्रं गाळानं लिंपलेली. मी कुलूप घालून टाकायच्या बेतात होतो. घाटातले रस्ते मोकळे झाल्याबरोबर श्रुतिका आली, पदर खोचून गाळ उपसायला लागली, जे वाचण्यासारखं होतं ते धुऊन उन्हात मांडलं, आणि म्हणाली की आता वरच्या मजल्यावर बसू. विचारलं नाही, सांगितलं. तिच्या वाडीतली तिच्या वयाची सगळी पोरं-पोरी मुंबईला गेली, ही तेवढी गेली नाही. जे मुंबईत बसून करायचं ते महाडात बसूनही होतं, असं तिचं म्हणणं. वेबसाइट करायचं काम ती आपलं आपण शिकली, आणि मी क्लासच्या पाटीखाली तिच्या नावाची वेगळी पाटी लावली. त्या पाटीकडे येता-जाता मी अजूनही बघतो.

आता आंबेकोंडच्या पालखीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शिमग्यात गावदेवीची पालखी निघते आणि वाड्यावाड्यांतून प्रत्येक घरी जाते. घरच्यांनी दार उघडून तिला आत घ्यायचं, ओटी भरायची, गुरवानं त्या घराच्या नावानं गाऱ्हाणं घालायचं. निम्मी घरं वर्षभर बंद, माणसं मुंबईला. ती शिमग्याला येतात ती ह्याच एका गोष्टीसाठी. पण पालखी कोणत्या वाडीत कधी पोचेल ह्याचा नेम नसतो. एखाद्या वाडीत सोंगं-नाचाचे खेळे रंगले की मुक्काम लांबतो. गावात मोबाइलची रेंज नाही, फोन एकच, तोही दुकानातला, आणि शिमग्यात तो मुंबईहून येणाऱ्या फोनांनी कायम गुंतलेला. मग कुणी येतं तोवर पालखी पुढे निघून गेलेली असते. बंद दारापुढे ती थांबत नाही. आणि गावाचा ठराव असा की सलग तीन शिमगे दार बंद राहिलं, तर ते घर पालखीच्या वाटेतून वगळायचं.

वरच्या वाडीतल्या चंपाबाईचं घर त्या ठरावाच्या दिशेनं निघालं होतं. म्हातारी विधवा, डोळ्यांनी अधू, दम्यानं बेजार. तिला तिचा लेक सुनील भांडुपला घेऊन गेला तेव्हापासून घराला कुलूप. एकटीला गावी ठेवावी अशी तब्येत नाही, आणि सुनीलला कंपनीत एका दिवसाच्या वर रजा नाही. पहिल्या वर्षी दोघं आली ती पालखी गेल्यावर. म्हातारी सारवलेल्या अंगणात बसून राहिली होती, आणि तिला उठवायला कुणाला धीर होत नव्हता असं श्रुतिकेनं मला सांगितलं. श्रुतिकेचंही घर त्याच वाडीत आहे.

म्हणून मंडळाची वेबसाइट करायची कल्पना श्रुतिकेचीच. आंबेकोंड ग्रामस्थ मंडळ मुंबईत आहे आणि चांगूशेठ उतेकर त्याचे अध्यक्ष. माणूस दिलदार, मुंबईत टेम्पोचा धंदा, गावाच्या प्रत्येक कामात पुढे. श्रुतिकेनं त्यांना सांगितलं, गुरव महादूदादा रोज संध्याकाळी दुकानातून मला एक फोन करील, आज पालखी कुठे, उद्या कुठे, आणि मी ते पानावर टाकीन. मुंबईत कुणीही कुठल्याही सायबर कॅफेत बसून बघावं. शंभर माणसांनी एका फोनसाठी भांडायला नको. चांगूशेठ खूश झाले. फक्त एक अट घातली. पहिल्या पानावर मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो पाहिजेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार, आश्रयदाते, महिला आघाडी, क्रीडाप्रमुख.

आमच्याकडे नाक्यावरचा वाढदिवसाचा बॅनर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. ज्याचा फोटो राहिला तो वर्षभर बोलत नाही. श्रुतिकेनं फोटो घातले. प्रत्येकाचा फोटो स्टुडिओत काढलेला, मोठा, कुणी हात जोडलेला, कुणी मोबाइल कानाला लावलेला. सगळ्यांच्या खाली, एका कोपऱ्यात, पालखी.

त्या वर्षीच्या शिमग्यात सुनील भांडुपच्या कॅफेत बसला, पान उघडायला सांगितलं, आणि पदाधिकारी एकेक करत वरून खाली उतरायला लागले. आधी कपाळं, मग मिशा. अर्धी महिला आघाडी आल्यावर लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा पहिल्यापासून कपाळं. कॅफेवाला वैतागला आणि सुनील उठून गेला. दुसऱ्या दिवशी पालखी चंपाबाईच्या बंद दारावरून पुढे गेली. दुसरं वर्ष.

हे श्रुतिकेला सुनीलकडूनच कळलं. ती कुणावर चिडली नाही, आणि त्याचीच मला काळजी वाटली, कारण एरवी ती माझ्यावर तरी चिडतेच. एवढंच म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी त्या घराचं दार उघडं पाहिजे. नाय तर ही पाटी काढून टाका." वर्षानुवर्षं माझ्याशी शुद्ध बोलणाऱ्या मुलीच्या तोंडून 'नाय' निघालं, तेव्हा मी समजलो की हे आता तिच्या हाडाला लागलंय.

पुढचे महिने ती नव्या विद्येच्या मागे लागली. मला कळलं तेवढं सांगतो, आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. पान म्हणजे एकसंध दगड नव्हे, ते तुकड्यांचं बनतं. एक तुकडा मथळ्याचा, एक फोटोंचा, एक पालखीचा. त्या तुकड्यांना कंपोनंट म्हणतात. जुन्या पद्धतीत सगळे तुकडे एकदम पाठवले जातात, आणि कुठेही बोट लावलं की सगळे पुन्हा पहिल्यापासून. नव्या पद्धतीत आधी हलकासा सांगाडा जातो आणि मग ज्याची गरज तेवढाच तुकडा मागून आणून त्याच्या जागेवर बसवायचा. बाकीचं पान जागचं हलत नाही. पंगतीत आपण पान मांडतो आणि मागेल त्याला मागेल ते वाढतो, सगळी भांडी कुणाच्या पानात उपडी करत नाही, तसंच हे. असं बांधकाम करायला तयार चौकटी मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. तिनं एक फुकटातली उतरवून घेतली आणि तिच्याशी झुंजायला लागली.

झुंजच होती. तुकडा मागवला की यायचा, दिसायचाही झकास, पण त्यातली बटणं मेलेली. दाबली तरी ढिम्म. मी म्हणालो, सोड, जुनं काय वाईट होतं? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली क्लासात जाऊन बसलो. शेवटी तिला सापडलं. पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा ते प्रत्येक बटणाला त्याचं काम नेमून देतं. मागाहून आलेला तुकडा त्या वेळी हजरच नसतो, मग त्याच्या बटणांना काम कोण सांगणार? हजेरी झाल्यावर आलेल्या पोरासारखी ती नुसती उभी. तिनं अशी सोय केली की तुकडा आला की लगेच त्याच्यापुरती हजेरी पुन्हा घ्यायची. बटणं जिवंत झाली. त्या दिवशी ती जिना उतरून खाली आली आणि भर क्लासात पोरांसमोर मला म्हणाली की सर, चहा पाजा. पाजला. आनंद तिच्यापेक्षा मलाच जास्त झाला होता, आणि तो लपवण्याइतका मी शहाणा नाही.

मग उरले चांगूशेठ. दिवाळीनंतर पोलादपूरला मंडळाची बैठक भरली, तिथे क्लासचा कॉम्प्युटर मांडून श्रुतिकेनं नवं पान दाखवलं. माऊस दाबताच पान उघडलं, आणि त्यावर फक्त पालखी. आज ही वाडी, उद्या ती वाडी. बाजूला बारीक अक्षरांत 'पदाधिकारी'. चांगूशेठांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आपले फोटो कुठे गेले, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. गावच्या बैठकीत शेठ शांतपणे बोलले की ते वाईट लक्षण. मी पुढे होऊन काहीतरी तांत्रिक सांगणार होतो. पण तिनं मला हातानंच थांबवलं.

"चांगूकाका, पालखी दारात आली की उंबऱ्याच्या आत पहिलं कोन जातं?" ती म्हणाली.

"आई जाते. गावदेवी."

"आन मानकरी?"

"आई बसली की मागनं."

"मग आपल्या पानावर मानकरी आईच्या आधी कसं शिरलं, काका?"

 सल्लागारांपैकी एकजण खाली मान घालून चपला शोधायला लागला. चांगूशेठांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्यांनी विचारलं की मागनं तरी येतात ना? श्रुतिकेनं 'पदाधिकारी'वर माऊस नेऊन दाबायला सांगितलं. त्यांनी दाबला, आणि बाकीचं पान न हलता त्यांचा एकट्याचा फोटो पडदाभर उमटला, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा. पुढचा हवा असेल तर पुन्हा दाबायचं, म्हणजे पुढचा येणार. शेठ खुलले. त्या दुपारी त्यांनी स्वतःला चार-पाच वेळा तरी मागवून घेतलं असेल.

तिसरा शिमगा आला. ठरल्याप्रमाणे रोज संध्याकाळी महादू गुरवाचा फोन, आणि फोन ठेवायच्या आत पानावरचा तो तेवढा तुकडा बदललेला. सुनीलनं रजा टाकली होती ती वरच्या वाडीच्या दिवसाची. सगळं नीट चाललं होतं. आणि एका संध्याकाळी महादूनं कळवलं की मधल्या वाडीत एक म्हातारे गेले, वाडीला सुतक. सुतकातल्या वाडीत पालखी जात नाही. ती मधली वाडी सोडून उद्याच वरच्या वाडीला चढणार होती, म्हणजे एक दिवस आधी.

श्रुतिकेनं तुकडा बदलला. 'उद्या: वरची वाडी.' सुनीलकडे मोबाइल नव्हता. भांडुपला त्याच्या चाळीत शेजारच्यांचा एक नंबर होता, तो लागेना. आता सुनील कॅफेत जातो की नाही, गेला तर बघतो की नाही, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. पान आपलं काम करून मोकळं झालं होतं. ती बाकी मोकळी नव्हती. सकाळच्या एसटीनं ती गावाला निघाली आणि मला म्हणाली, सर, चला. मी क्लासला सुट्टी दिली.

वरच्या वाडीत पोचलो तेव्हा ढोल आधीच वाजत होते. चंपाबाईच्या घराला कुलूप होतं. पण अंगण ताजं सारवलेलं होतं, दारासमोर रांगोळी. श्रुतिकेच्या आईनं, रखमाबाईंनी, पहाटे उठून ते केलं होतं. मी विचारलं, कुणी नसताना? त्या म्हणाल्या, "दार त्यांचं हाय. आंगन समद्यांचं हाय." आणि आपल्या कामाला लागल्या.

पालखी एकेका घरातून निघून जवळ येत होती. पुढच्या दांडीला भागोजी होते. गुलालानं माखलेले, घामानं निथळत. श्रुतिका चंपाबाईच्या अंगणाच्या कडेला उभी होती आणि तिची नजर खाली, चढणीच्या पायवाटेवर. चार घरं राहिली, मग दोन. शेजारच्या घरातलं गाऱ्हाणं संपलं आणि पालखी बाहेर पडली. चांगूशेठ कुलपाकडे बघून म्हणाले की गावाचा ठराव सगळ्यांना सारखा, त्यांचाही नाइलाज आहे. त्यांच्या आवाजात गुर्मी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. श्रुतिकेनं पायवाटेवरची नजर काढली नाही.  वर्षभर झुंजून केलेलं काम, आणि समोर ते गंजकं कुलूप.

तेवढ्यात पायवाटेच्या वळणावर सुनील दिसला. चंपाबाईला पाठुंगळी घेतलेली, हातात पिशवी, तोंडानं श्वास. ढोलवाल्यांनी त्याला पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप थांबले. तो अंगणात आला, आईला उतरवलं, कमरेची किल्ली काढली. किल्ली फिरेना. पावसाळे खाऊन कुलूप धरलेलं. पुन्हा फिरवली, नाही. त्यानं आईकडे बघितलं.

"फोड," चंपाबाई म्हणाली.

त्यानं बांधावरचा दगड उचलला. दुसऱ्या घावाला कुलूप गळून पडलं, आणि रखमाबाईंनी आत धावत जाऊन पाट मांडला. पालखी उंबऱ्याच्या आत गेली. मी तिथे परका, महाडचा सर, पण माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

चंपाबाईनं चाचपडत ओटी भरली. महादू गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "हे आई गावदेवी, ह्या घरची चंपाबाई, तिचा लेक सुनील, पोटासाठी मुंबईला हायत, त्यांना सुखाचं ठेव गो आई." घरभर उभी असलेली माणसं एका आवाजात म्हणाली, "होय महाराजा." सुनीलनं वाकून आईच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि दाराकडे बोट केलं. तिथे श्रुतिका उभी होती. म्हातारीनं त्या दिशेला तोंड वळवलं.

"कोनाची गो ती?"

"भागोजीदादाची. तिनंच कळवलं, आये. काल मी कॅफेत गेलो, बसतोय तोवर पानावर समोर आलं."

महादू गाऱ्हाणं संपवून नारळाला हात घालणार होता. चंपाबाईनं त्याला थांबवलं.

"महादू, अजून एक नाव घे रे. त्या पोरीचं."

महादू घुटमळला. ज्याचं घर त्याचंच गाऱ्हाणं, दुसऱ्या घरचं नाव आजवर कुणी घेतलेलं नव्हतं, आणि पोरीचं तर नाहीच. त्यानं चांगूशेठांकडे बघितलं. शेठांनी टोपी काढून हातात घेतली आणि मान हलवली.

"दार जिनं उघडलं ती घरचीच की रे," म्हातारी म्हणाली.

महादूनं पुन्हा हात जोडले. "आनि हे आई, भागोजीची लेक श्रुतिका, तुझी वाट लांबच्या लेकरांना दावते. तिच्या हाताला यश दे गो आई."

"होय महाराजा," सगळं घर म्हणालं. मीही म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं. श्रुतिकेनं, काम पुरं झाल्याशिवाय कुणाकडे मान न वळवणाऱ्या त्या मुलीनं, मान खाली घातली होती. भागोजी पालखीच्या दांडीवर हात ठेवून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. महादूनं नारळ फोडला, माणसं बाहेर वळायला लागली, ढोलावर टिपरू पडलं, आणि मग मागून, एकट्यानं, उशिरा, भागोजी म्हणाले, "होय महाराजा."